नक्षीने भरलेली सपाट चित्रे: शैली की झाकपाक?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी कला महाविद्यालयात शिक्षण घेतलेले नाही; शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा दिल्या, तेवढाच काय तो औपचारिक शिक्षणाशी संबंध. गेली काही वर्षे त्या पक्षी, जनावरे, झाडे आणि कामात गुंतलेल्या बायका अशी चित्रे काढतात. आकार बाजूने पाहिलेले, सोपे आणि सपाट असतात, आणि आतली सगळी जागा ठिपके, रेघा व चौकड्यांनी भरलेली असते. एका परिचित चित्रकाराने त्यांना सुनावले की, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) जमत नाही म्हणून ही नक्षीची झाकपाक चालली आहे. याला शैली म्हणावे की उणीव, शैली म्हणायची तर ती पक्की कशी करावी, आणि त्यासाठी आधी हुबेहूब रेखाटन शिकणे भाग आहे का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत दोन चित्रे पाठवली आहेत: पाण्यात उभा असलेला बगळा आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन निघालेली बाई.

त्या चित्रकाराचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, परंतु त्याचा रोख चुकला आहे. छायाप्रकाश नसणे ही उणीव नव्हे. चित्रात जे काम छायाप्रकाशाने झाले असते ते दुसऱ्या कशानेच झालेले नसणे ही उणीव आहे. नक्षीप्रधान चित्रात ते काम भरणाने, म्हणजे आकाराच्या आत भरलेल्या नक्षीने, करायचे असते. वजन कुठे आहे, अंग कुठे वळले आहे, पुढे काय आणि मागे काय, नजर आधी कुठे जावी, हे सगळे ठिपक्यांच्या दाटीने आणि रेघांच्या दिशेने सांगावे लागते. ते सांगितले जात असेल तर ती शैली आहे. आकार काढून झाल्यावर आत मोकळी जागा उरली म्हणून ती भरली असेल, तर आक्षेप खरा आहे. हे तपासण्याचा एक उपाय मी नवख्या बोधचित्रकारांना (पुस्तके-मासिकांसाठी चित्रे काढणाऱ्यांना) नेहमी सांगतो: चित्रातल्या दोन आकारांची भरणे मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावीत. झाडाचे भरण हरणाला आणि हरणाचे झाडाला दिल्यावरही चित्राचे काही बिघडत नसेल, तर दोन्ही भरणे रिकामी आहेत असे खुशाल समजावे.

या विषयात सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण म्हणजे जनगढसिंह श्याम. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या मंडला आणि आताच्या दिंडोरी जिल्ह्यातले पाटनगढ हे त्यांचे गाव. ते परधान गोंड समाजातले होते. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते यजमानांच्या घरी देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गात. जनगढ लहानपणी शाळा सोडून गुरे राखत असत. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी ग्रामीण व आदिवासी कलेचा संग्रह उभा करताना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी गावोगावी माणसे पाठवली होती. त्यांतल्या काहींना 1981 च्या सुमारास पाटनगढच्या भिंतीवर या तरुणाचे काम दिसले. 1982 मध्ये भारत भवन सुरू झाले आणि जनगढ भोपाळला येऊन तिथल्या छापचित्र विभागात काम करू लागले. 1986 मध्ये त्यांना मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान मिळाला, आणि 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. 2001 साली, ऐन उमेदीत, जपानमधल्या मिथिला संग्रहालयात चित्रे काढण्याच्या कामावर असताना त्यांनी आपले जीवन संपवले.

ही हकीगत सांगण्याचे कारण केवळ आदर हे नाही. जनगढ यांच्यापुढे जो प्रश्न होता तो, ताई, आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. परधानांची परंपरा मुख्यतः गाण्याची होती. घराच्या भिंतीवर मातीचे उठावकाम होते, बायका सणासुदीला भिंतीवर आणि जमिनीवर डिगना नावाची भौमितिक नक्षी काढत, अंगावर गोंदण होते. परंतु गाण्यात येणाऱ्या देवांची कागदावर काढलेली रूपे अशी तयार नव्हती. म्हणजे कथा तयार, खुणा तयार, पण चित्र नाही. पोस्टर रंग आणि कागद हाती आल्यावर जनगढ यांनी देवांना, जनावरांना, झाडांना आकार दिले, आणि त्या आकारांना जिवंत करण्यासाठी भरणाची एक पद्धत घडवली. कला महाविद्यालयात न जाता त्यांनी हे केले हे खरे. मात्र ते रिकाम्या हाताने आले नव्हते. माती लिंपलेल्या भिंतीचा स्पर्श, गोंदणाचे ठिपके, गाण्यातले ठेके एवढे भांडवल त्यांच्यापाशी होते. आपल्यापाशी असे काय आहे, हे आपण एकदा कागदावर लिहून काढावे अशी माझी सूचना आहे. गोधडीचे धावते टाके असतील, रांगोळीचे ठिपके असतील, इरकलीचे काठ असतील. भरणाचे घटक तिथून आले तर ते हाताला आपोआप वळतात. इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांवरून उचलले तर ते उपरे दिसतात आणि हातही त्यांना कंटाळतो.

जनगढ यांच्या वळणाचे एखादे जनावर जवळून पाहावे. आकार जवळजवळ नेहमी बाजूने पाहिलेला असतो, कारण चारही पाय, शेपूट, पाठीची कमान आणि शिंगे एका नजरेत तेव्हाच कळतात. बाह्यरेषा एकसंध आणि निःशंक असते. नंतर त्या रेषेला आतून लागून आखूड, समांतर रेघांची झालर येते, फणीच्या दात्यांसारखी. तिच्या आत ठिपक्यांच्या ओळी किंवा बारीक रेघांचे पट्टे येतात, आणि ते पट्टे अंगाच्या वळणाबरोबर वळतात. मानेवर ते मानेच्या लांबीने धावतात, पोटाशी आले की कमान घेतात, मांडीवर गोल फिरतात. छायेचा एकही थर नसताना मांडी भरीव वाटते ती या वळणामुळे. शिंगे पुष्कळदा वर वाढत जाऊन झाडासारखी होतात, आणि तिथे भरण विरळ होते किंवा थांबते, त्यामुळे जड धड खाली राहते आणि वरचा भाग हलका होतो. झालरीमुळे आणखी एक गोष्ट साधते: आकाराची कड थरथरती दिसते. एकाच जागी स्थिर उभे असलेले जनावर श्वास घेत असल्यासारखे वाटते, ते त्या कडेमुळे.

आता यातले तंत्र आपल्या कामात कसे आणावे याकडे वळतो. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण स्वयंशिक्षित कलाकार अडखळतात ते बहुधा इथेच.

पहिली बाब दाटीची. काळ्या शाईचा ठिपका काळाच असतो, परंतु शंभर ठिपके दुरून पाहिले की डोळा त्यांचा राखाडी रंग करतो. ठिपक्यांतले अंतर कमी केले तर तो राखाडी गडद होतो, वाढवले तर फिका. म्हणून ठिपक्याचा आकार सारखा ठेवून फक्त अंतर बदलण्याचा सराव आधी करावा, आणि अंतर सारखे ठेवून आकार बदलण्याचा नंतर. दोन्ही एकदम बदलायला गेले की डोळा गोंधळतो. चित्र पूर्ण झाल्यावर ते भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. शेजारशेजारचे दोन आकार एकमेकांत विरघळले, तर त्यांची दाटी सारखी झाली आहे. मग त्यांपैकी एकाची दाटी, दिशा किंवा घटकाचे माप बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. रंग वेगळा आहे म्हणून भागेल, असे समजू नये. रंग वेगळे असूनही गडदपणा सारखा असला की आकार हरवतोच. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला की हे लगेच कळते.

दुसरी बाब कडेची. भरण बाह्यरेषेला थेट भिडवले तर कड मऊ होते आणि आकार पार्श्वभूमीत मिसळू लागतो. बाह्यरेषा आणि भरण यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी पट्टी कोरी सोडली तर आकार उठून दिसतो. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण त्यांचा वापर कारणाने व्हावा. एकाच चित्रात काही आकार भिडवलेले आणि काही सोडलेले असतील आणि त्यामागे काही योजना नसेल, तर पाहणाऱ्याला ती हलगर्जी वाटते. शिवाय निमुळत्या जागी, म्हणजे चोच, शेपटीचे टोक, बोटे अशा ठिकाणी, शेवटी अर्धाच घटक बसण्याइतकी जागा उरते. तिथे अर्धा ठिपका किंवा अर्धी चौकट कोंबू नये. टोकाच्या बऱ्याच आधीपासून घटक लहान करत यावे, म्हणजे शेवटचाही पूर्ण बसतो. सफाईदार आणि नवख्या हातातला फरक मला सर्वांत आधी अशा टोकांशी दिसतो.

तिसरी बाब कोऱ्या जागेची. सगळेच भरले तर काहीच भरल्यासारखे वाटत नाही. डोळा, खूर, तळहात, पाण्याचा एखादा पट्टा असा भाग मुद्दाम सोडावा. आपल्या दोन्ही चित्रांत कागदाचा नखाएवढा भागही मोकळा नाही, आणि मला वाटते की त्या चित्रकाराला खटकले ते हेच असावे, फक्त त्याने दुसऱ्या गोष्टीला दोष दिला.

भरणाला काम कसे देता येते, याचे मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण आहे. जनगढ भोपाळला स्थिरावल्यावर त्यांचे नातेवाईक एकामागून एक तिथे आले, त्यांना मदत करता करता स्वतः चित्रे काढू लागले, आणि आज जिला जनगढ कलम म्हणतात ती परंपरा त्यातून उभी राहिली. या घराण्यातल्या प्रत्येक चित्रकाराची भरणाची स्वतःची खूण असते; कुणाची आखूड रेघ, कुणाचा ठिपका, कुणाची साखळी, आणि जाणकार सही न पाहता हात ओळखतात. त्यांच्यापैकी दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या प्रसंगांवरचे ‘भीमायन’ हे चित्ररूप पुस्तक केले. ते 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकथेत असतात तशा चौकोनी चौकटी त्यांनी वापरल्या नाहीत. पाने विभागली ती डिगन्याच्या वळणदार पट्ट्यांनी. पात्रांच्या बोलण्याचे फुगेही दोन प्रकारचे केले: साधे, निर्मळ बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि अपमान करणारे बोलणे विंचवाच्या नांगीचे शेपूट असलेल्या फुग्यात. वाचणाऱ्याला शब्द वाचण्याआधीच कळते की हे वाक्य डंख मारणार आहे. जमिनीवर काढायच्या नक्षीला इथे पानाची मांडणी करण्याचे काम मिळाले, आणि तिचे नक्षीपण जराही कमी झाले नाही. मी ज्याला कामाला लावलेली नक्षी म्हणतो, ती ही.

याच्या अगदी उलट बाजूने त्याच ठिकाणी पोहोचलेले कलाकार म्हणजे डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे. वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे विधीचे चित्र, सुवासिनी काढत. मशे यांनी पुरुष असून ही चित्रकला हाती घेतली आणि विधीच्या बाहेर, रोजच्या रोज, मनाला येईल त्या विषयावर काढली. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे त्यांचे काम मुंबईत पोहोचले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते गेले. त्यांच्याकडे साधन किती कमी होते ते पाहावे: गेरूच्या किंवा शेणाच्या सारवणावर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स. माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. आकारांच्या आत भरण फारसे नाहीच. आकार स्वतःच पुन्हा पुन्हा येऊन नक्षी होतात. तारपा नाचातली माणसांची वेटोळी ही नक्षीही आहे आणि घटनाही. मासेमारीच्या त्यांच्या चित्रांत जाळ्याची बारीक वीण कागदभर पसरते आणि तीच चित्राची जमीन होते. दोन त्रिकोणांचा माणूस कठपुतळीसारखा ताठ वाटायला हवा होता, परंतु वरचा त्रिकोण खालच्यावर किती कलला आहे यावरून तो वाकला आहे, ओढतो आहे की नाचतो आहे हे नेमके समजते. सोपेपणा तिथे पाहण्यातून आला आहे.

यातूनच आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. पेन्सिलने छाया घासण्याचा अभ्यास आपल्याला आवश्यक नाही. निरीक्षणाचे रेखाटन मात्र अत्यंत आवश्यक आहे, आणि या दोहोंत लोक नेहमी घोटाळा करतात. आकार सोपा करणे म्हणजे काय गाळायचे ते ठरवणे, आणि जे नीट पाहिलेलेच नाही ते गाळता येत नाही. ते फक्त राहून जाते. आपला बगळा याचे चांगले उदाहरण आहे. आपण मान एका गुळगुळीत नागमोडी वळणात काढली आहे. प्रत्यक्षात बगळ्याच्या मानेला मध्ये एक स्पष्ट कोन पडतो, आणि भक्ष्यावर झडप घालण्याची सगळी ताकद त्या कोनात दबा धरून बसलेली असते. तो कोन आला की दोन रेषांतही बगळा ओळखू येतो. पायाचेही तसेच आहे: जो गुडघा मागे वळल्यासारखा दिसतो तो वास्तविक घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, म्हणून पायाचा सांधा आपण काढला आहे त्याच्या बराच खाली यायला हवा. एखाद्या तळ्याकाठी किंवा भाताच्या खाचराशी बसून, भरण अजिबात न करता, फक्त बाह्यरेषेत पुष्कळ बगळे काढावेत. नंतर त्यांतल्या सर्वांत कमी रेषांच्या आकारात काळा रंग भरून पाहावा. नुसत्या काळ्या छायाकृतीवरून पक्षी ओळखता आला, तरच त्यात नक्षी भरायला घ्यावी.

आणि कला महाविद्यालय? वेळ आणि पैसा असेल तर जरूर जावे, ग्रंथालय आणि सोबती मिळतात; परंतु केवळ या आक्षेपाला उत्तर म्हणून जाण्याची गरज नाही.

साहित्याविषयी थोडक्यात. 0.1, 0.3 आणि 0.5 अशी तीन मापांची जलरोधक शाईची पेने पुरेत. रंगीत चित्रात आधी सपाट अॅक्रिलिक थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग त्यावर रेघ घ्यावी. ओलसर थरावर पेनाचे टोक बसते आणि कायमचे खराब होते. छपाईसाठी काम असेल तर मूळ चित्र छापायच्या मापापेक्षा फार मोठे करू नये. अर्ध्या मापावर आले की 0.1 च्या रेघा तुटतात आणि दाट ठिपक्यांचा चिखल होतो. संपादक नंतर कलाकारालाच दोष देतात, छपाईला नाही, हा अनुभव बहुतेक बोधचित्रकारांच्या गाठीला असतो.

एक सावधगिरीची गोष्टही इथेच सांगून ठेवतो. जनगढ कलमातून किंवा वारलीतून तत्त्वे घ्यावीत, ठेवण घेऊ नये. वारली चित्रकलेला 2014 मध्ये आणि मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते नसते तरी त्या माणसांच्या घराण्याच्या खुणा उचलून त्या आपल्या सहीखाली विकणे गैरच ठरले असते. आपल्या बगळ्याच्या पंखावर गोंड चित्रांतली झालर जशीच्या तशी आली आहे. ती काढून टाकावी. त्या जागी धावता टाका घालून पाहावा. आपण पत्रात आजीच्या गोधड्यांचा उल्लेख केला आहे, आणि धावत्या टाक्याची तुटक रेघ पिसांची दिशा दाखवायला उत्तम आहे.

बगळ्याच्या चित्रातली दुसरी अडचण आधी सांगितलेल्या दाटीचीच आहे. पाण्यावरचे खवले आणि पंखावरचे खवले एकाच मापाचे असल्यामुळे पक्षी पाण्यात बुडाला आहे. पाण्याला लांब, आडव्या, विरळ रेघा द्याव्यात आणि पायाभोवतीचा भाग कोरा सोडावा.

हंडे घेतलेल्या बाईच्या चित्रात आकार मला मनापासून आवडला. मान ताठ, एक हात वर गेलेला, दुसरा किंचित बाहेर; तोल बरोबर पकडला आहे. परंतु हंडे, चेहरा, हात आणि लुगडे या सगळ्यांवर एकसारख्या चौकड्या आल्यामुळे हंड्यांत पाणी आहे असे वाटत नाही. चेहरा आणि हात पूर्ण कोरे सोडावेत. हंड्यांवर आडव्या, गोल फिरणाऱ्या आणि शक्य तेवढ्या दाट रेघा घ्याव्यात, वरचा हंडा थोडा विरळ, खालचा जास्त दाट. लुगड्यावर उभ्या रेघा खांद्यापासून घोट्यापर्यंत सलग न्याव्यात आणि खाली जाता जाता त्या जवळ आणाव्यात, म्हणजे डोक्यावरचा भार अंगातून उतरत जमिनीपर्यंत गेलेला दिसेल. काठाला मात्र चौकडी राहू द्यावी. ती तिथे शोभते आणि पावले कुठे आहेत ते सांगते.